फ्रेंच क्रलर आणि फळांचं ग्लेझ: कोणतं सामान घ्यावं, कोणतं दुकानातच राहू द्यावं

अमेरिका-कॅनडातल्या डोनटच्या दुकानांत फ्रेंच क्रलर नावाचं पिळदार कडं मिळतं. बाहेरून कुरकुरीत, आत ओलसर जाळी, वर साखरेचा पातळ थर, म्हणजे ग्लेझ. त्यात यीस्ट नसतं, बेकिंग पावडरही नसते. एक्लेअर या फ्रेंच पेस्ट्रीचंच शू पीठ (पाणी-लोण्यात मैद्याची उकड काढून त्यात अंडं घोटलेलं) चांदणीच्या नोझलमधून गोल पाडून तळलेलं असतं. बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावाचं ‘श्प्रिट्सकुखन’ याच कुळातलं. तिथे १८४२ साली रेल्वे पोचली आणि ते फलाटावर विकलं जाऊ लागलं. इटलीत १९ मार्चला सान जुझेप्पेच्या (संत जोसेफच्या) सणाला त्सेप्पोले करतात, तेही शू पिठाचेच.

हे घरी करायचं ठरवलं की खरेदीची यादी फुगत जाते: डोनटचे साचे, डोनट प्रीमिक्स, स्ट्रॉबेरी ग्लेझ जेल, क्रशच्या बाटल्या, सिलिकॉनची मॅट. क्रॉफर्ड मार्केटच्या बेकिंगच्या दुकानात शिरलात तर पिशवी भरायला वेळ लागत नाही, पण यातलं बहुतेक सामान या पदार्थाच्या उपयोगाचं नाही. साच्यात शू पीठ तळता येत नाही. प्रीमिक्स यीस्टच्या किंवा केकसारख्या डोनटसाठी असतं. फरक पडतो तो तीन वस्तूंनी: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, तेलात बुडवायचा थर्मामीटर आणि मोठ्या तोंडाचं नोझल.

आधी पीठ, कारण बाकी सगळ्याची परीक्षा त्यावरच होते. १२ क्रलरसाठी पाणी २४० ग्रॅम, बिनमिठाचं लोणी ८५ ग्रॅम, साखर १० ग्रॅम, मीठ २ ग्रॅम, मैदा १३५ ग्रॅम आणि फेटलेलं अंडं १८० ते १९० ग्रॅम. परदेशी कृतींत तीन मोठी अंडी आणि एक पांढरं असं लिहिलेलं असतं. तिथलं मोठं अंडं कवचाशिवाय ५० ग्रॅमचं धरतात. आपल्याकडच्या ट्रेमधलं अंडं बहुतेक वेळा ४५ ग्रॅमच्या आसपास भरतं, कधी त्याहूनही कमी. नगावर मोजलंत तर पीठ घट्ट राहतं, आणि घट्ट पीठ तेलात फुलण्याऐवजी फाटतं. वजनकाटा घ्यायचा तो यासाठी. पाच अंडी फेटून बाजूला ठेवावीत आणि त्यातून वजन करून घालावीत.

अमूलचं नेहमीचं पिवळं पाकीट मिठाचं असतं. ते वापरणार असाल तर वरून मीठ घालू नका. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि बाकी बरंचसं पाणी. त्यामुळे साजूक तूप घ्यायचं तर ६८ ग्रॅम तूप आणि १५ ग्रॅम जास्तीचं पाणी, असा हिशेब बसतो. रवाळ, खमंग तुपाचा वास मात्र फळाच्या ग्लेझवर चढतो. आंब्याला तो खपून जातो, स्ट्रॉबेरीला अजिबात नाही. पाण्याऐवजी दूध घालण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. भट्टीतल्या एक्लेअरला तो ठीक आहे. इथे कडं सहा-सात मिनिटं तेलात असतं, आणि दुधातल्या साखरेने ते आतून शिजायच्या आत काळपट होतं. पाणीच बरं.

लोण्याचे लहान तुकडे करून ते पाणी, साखर, मिठासोबत मध्यम आचेवर ठेवायचे. लोणी विरघळणं आणि उकळी येणं एकाच वेळी व्हायला हवं. लोण्याचा मोठा गोळा टाकला तर तो विरघळेपर्यंत पाणी उकळत राहतं, आटतं आणि पुढचं सगळं प्रमाण बिघडतं. उकळी आली की आच बंद करून चाळलेला मैदा एकदम ओतायचा आणि लाकडी उलथन्याने जोरात घोटायचा. मोदकाची उकड काढणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही. फरक एवढाच, की मोदकाच्या उकडीला झाकून वाफ देतात, इथे उघड्यावर दोन ते तीन मिनिटं परतून वाफ घालवायची असते. जितकं पाणी जाईल तितकं अंडं जास्त मावतं, आणि फुलणं आणि फुलून उभं राहणं अंड्याच्या जिवावर असतं. स्टीलच्या भांड्यात तळाला पातळ पापुद्रा धरला की झालं. नॉनस्टिकमध्ये तो धरत नाही. तिथे थर्मामीटर खुपसून बघावा, ७५ ते ८० अंश सेल्सिअस पुरेत.

मग उकड ताटात पसरून ६० अंशांपर्यंत निववायची. गरम उकडीत अंडं घातलं तर त्याच्या शिजलेल्या कण्या होतात आणि त्या नोझलमध्ये अडकतात. अंडं चार-पाच वेळा थोडं थोडं घालावं. प्रत्येक वेळी पीठ आधी सुटं, चिकट, फाटल्यासारखं दिसतं आणि मग पुन्हा एकजीव होतं. शेवटचे २० ग्रॅम हाती राखावेत. उलथनं उचलल्यावर पीठ जाड त्रिकोणी पदरासारखं लोंबलं पाहिजे आणि दोन-तीन सेकंदांनी तुटून पडलं पाहिजे. धबकन गोळा पडला तर अजून अंडं हवं. धार लागली तर जास्त झालं, आणि मग कोरडा मैदा घालून ते सुधारत नाही, कारण न शिजलेला मैदा पाणी तसं धरत नाही. अर्ध्या प्रमाणाची नवी उकड काढून त्यात हे सैल पीठ थोडं थोडं मिसळणं हाच उपाय.

नोझल. दुकानात ‘वन-एम’ मागितलंत की सहा टोकांची उघडी चांदणी मिळते. कपकेकच्या क्रीमला ती उत्तम. क्रलरला चालते, पण कडं सडपातळ येतं आणि जाळीला जागा कमी उरते. त्यातून पाडायचं तर एकावर एक दोन वेढे द्यावे लागतात. ‘टू-डी’ घेऊ नये. तिच्या पाकळ्या आत वळलेल्या असतात, त्यामुळे पिठाला पातळ, उंच धारा येतात आणि कडं शिजायच्या आत त्या धारा करपतात. हवी ती ८ किंवा अधिक दातांची उघडी चांदणी, तोंड १४ ते १६ मिलिमीटरचं. स्थानिक दुकानांत ती सहसा सुटी मिळत नाही, मोठ्या नोझलच्या संचात असते. संच घ्यावा लागला तरी घ्यावा. या घड्या काही शोभेपुरत्या नसतात. तेलात पडल्यावर कवच लगेच कडक होतं आणि आतली वाफ बाहेर पडायला बघते. घड्या असल्या की पृष्ठभाग उलगडत फुगतो. गुळगुळीत तोंडाने पाडलेलं कडं एका जागी फुटतं, आतलं पीठ बाहेर येतं, कधी तेलही उडतं. म्हणून साध्या गोल नोझलने हा प्रयोग करू नये.

चकलीचा सोऱ्या चालेल का? चांदणीची चकती लावून चालतो, पण दोन अडचणी आहेत. तिचं भोक लहान असतं, त्यामुळे कड्याची जाडी चकलीइतकीच येते आणि ते आरपार कुरकुरीत होतं, आत जाळी राहत नाही. दुसरं म्हणजे शू पीठ चकलीच्या पिठापेक्षा बरंच सैल असतं. दाब काढला तरी ते चकतीतून उतरत राहतं. तीन वेढे एकमेकांना चिकटवून पाडले तर बऱ्यापैकी आकार येतो. लांब काड्या पाडायच्या असतील तर सोऱ्या पिशवीपेक्षा सोपा.

पिशवीत कंजूसपणा नको. १२ इंची पातळ प्लास्टिकच्या पिशव्या क्रीमसाठी असतात. या पिठाच्या दाबाने त्या शिवणीवर उसवतात, तेही बहुतेक सातव्या-आठव्या कड्याला. १६ ते १८ इंचांची जाड पिशवी किंवा धुवून वापरायची कापडी पिशवी घ्यावी. अर्धीच भरावी.

आता ज्या वस्तूकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि जिच्यात धोका आहे ती: कागद. कडं पाडायचं ते १० सेंटिमीटर चौकोनी कागदावर, आणि कागदासकट तेलात सोडायचं. किराणा दुकानात बटर पेपर म्हणून जे मिळतं त्यात काही कागद मेणाचे असतात. ते मेण तेलात उतरतं. सिलिकॉनचा थर असलेला बेकिंग पेपरच घ्या, वेष्टनावर २२० अंशांपर्यंतची मर्यादा छापलेली बघून. कागदाला तेलाचं बोट लावावं. ८ सेंटिमीटर व्यासाचं, साधारण ५० ग्रॅमचं कडं पाडून ताट २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवलं की वरून घट्ट होतं आणि उचलताना बोटांचे ठसे पडत नाहीत. कड्याची दोन टोकं जिथे मिळतात तिथे ओल्या बोटाने दाबून घ्या. तोच सांधा तेलात उघडतो.

थर्मामीटरवर थोडं सविस्तर, कारण या पदार्थाचं जे काही फसतं त्यातलं निम्मं तेलाच्या तापमानामुळे. हवं १८० अंश, खाली १७५ आणि वर १८५. तेल १६५ वर असलं तर कवच उशिरा धरतं, तोवर पीठ तेल पितं आणि खाताना ओठाला ओशट लागतं. १९५ वर असलं तर दोन मिनिटांत सुरेख बदामी रंग येतो, तुम्ही काढता, आणि ताटलीत ठेवल्या ठेवल्या कडं खाली बसतं. आतल्या भिंती शिजलेल्याच नसतात. पिठाचा थेंब टाकून तो वर येतो का बघणं भज्यांना पुरतं. तो थेंब १६५ लाही वर येतो आणि १९५ लाही.

तीन प्रकार बाजारात दिसतात. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड मोजणारा दिसायला रुबाबदार, पण फक्त पृष्ठभाग मोजतो. तेल ढवळून लगेच मोजलं नाही तर आकडा फसवतो, आणि उकडीच्या पोटातलं तापमान त्याला कळत नाही. काचेचा, कढईच्या काठाला अडकवायचा मिठाईचा थर्मामीटर भरवशाचा, पण खोल तेल मागतो आणि सावकाश सरकतो. डिजिटल, लांब दांडीचा प्रोब घ्यावा, ज्याची मर्यादा किमान २५० अंश आहे आणि जो पाच सेकंदांच्या आत आकडा दाखवतो. मांस भाजण्यासाठीचे काही स्वस्त प्रोब कमी तापमानापुरतेच असतात, पाठीवरची मर्यादा वाचून घ्या. घरी आणल्यावर उकळत्या पाण्यात तपासा. मुंबईत १०० दाखवायला हवा, पुण्यात ९८च्या आसपास, महाबळेश्वरला ९५-९६. पुण्यात १०० दाखवणारा थर्मामीटर बरोबर आहे असं समजू नका. इंडक्शन शेगडीवरच्या ‘डीप फ्राय’ बटणावरही विसंबू नका. ते भांड्याच्या तळाचा अंदाज घेतं, तेलाचा नव्हे.

कढई जाड हवी. लोखंडी किंवा तीन थरांची स्टीलची, २४ सेंटिमीटर व्यासाची, दीड लिटर तेल. पातळ अॅल्युमिनियमची कढई तीन थंडगार कडी पडली की एकदम निवते आणि परत तापेपर्यंत कड्यांनी तेल प्यायलेलं असतं. तेल रिफाइंड, सूर्यफूल किंवा राइस ब्रान. घाण्याचं शेंगदाणा तेल चकलीला लाख चांगलं, इथे फळाचा वास त्याखाली दबून जातो. वनस्पती तुपात तळलेलं कडं हाताला कोरडं लागतं हे खरं, पण निवल्यावर टाळूवर मेणचट थर बसतो.

एका वेळी तीनच. कागद वरच्या बाजूला येईल असं कडं अलगद सोडायचं. अर्ध्या-पाऊण मिनिटात कागद आपोआप सुटतो, तो चिमट्याने काढून घ्यायचा. अडीच मिनिटांनी उलटायचं, दुसरी बाजू अडीच मिनिटं, मग परत उलटून एक-दीड मिनिट. ही शेवटची फेरी गाळू नका, बसकं कडं आणि उभं कडं यांच्यात फरक पडतो तो इथे. रंग बदामीच्या थोडा पुढे, तपकिरीकडे झुकलेला हवा. पहिलं कडं कापून बघा: आत ओलसर जाळी दिसली तर ठीक, कस्टर्डसारखा चिकट गर दिसला तर पुढच्यांना मिनिटभर जास्त द्या, आच वाढवू नका. काढल्यावर जाळीवर ठेवायचं. टिपकागदावर ठेवलं तर खालची बाजू आपल्याच वाफेने मऊ पडते.

ग्लेझला सगळ्यात जास्त सामान विकलं जातं आणि सगळ्यात कमी लागतं. ग्लेझ म्हणजे पिठीसाखर आणि थोडासा द्रव. २०० ग्रॅम साखरेला ४५ ते ५० ग्रॅम पाणी पुरतं. फळाच्या गरात बहुतांश पाणीच असतं. त्यामुळे चवीसाठी गर वाढवला की ग्लेझ पातळ होतं, घट्ट करायला साखर वाढवली की फळ हरवतं. यातून सुटायचे दोनच मार्ग: गर आटवणं, किंवा ज्यात पाणीच नाही असं फळ वापरणं.

क्रश या कामाला वाईट. नियमानुसार क्रशमध्ये फळाचा अंश किमान २५ टक्के आणि विरघळलेले घन पदार्थ किमान ५५ टक्के लागतात, आणि त्या घनात बहुतेक साखरच असते. साखरेत साखर मिसळून फळाची चव कुठून येणार? रंग झकास येतो, चव सरबताची. केकच्या दुकानात मिळणारं ‘कोल्ड ग्लेझ’ जेल त्याहून निरुपयोगी. ते कधी सुकत नाही, चमकत राहतं, बोटांना चिकटतं आणि घड्यांत साचतं. मिक्स्ड फ्रूट जॅमला कुठल्याच फळाची अशी चव नसते. पण एकाच फळाचा जॅम, कोमट करून गाळून, ग्लेझच्या आधी ब्रशने अगदी पातळ लावला तर फायदा होतो. चव वाढते आणि ग्लेझ कड्यात झिरपत नाही.

फ्रीझ-ड्राय केलेल्या, म्हणजे गोठवून पाणी काढून टाकलेल्या, स्ट्रॉबेरीची किंवा रास्पबेरीची पूड महाग आहे, पण पैसे वसूल करते. १५ ग्रॅम पूड, २०० ग्रॅम पिठीसाखर, ४५ ते ५० ग्रॅम पाणी, ५ ग्रॅम लिंबाचा रस. चाळूनच घाला, बिया वर टोचतात. वेष्टनावर घटक एकच असला पाहिजे. माल्टोडेक्स्ट्रिन, रंग, ‘फ्लेवर’ लिहिलेलं असेल तर ती सरबताची पूड आहे.

डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरची ताजी स्ट्रॉबेरी असताना पूड आणायची गरज नाही. २०० ग्रॅम फळ वाटून, गाळून, पसरट भांड्यात निम्मं होईपर्यंत आटवायचं. सुरुवातीलाच चमचाभर लिंबू घालायचं, आंबटपणाने लाल रंग टिकतो, नाहीतर आटताना विटकरी होतो. यातला ५० ग्रॅम निवलेला गर, २०० ग्रॅम पिठीसाखर, ५ ग्रॅम लिंबाचा रस, चिमूट मीठ आणि १० ग्रॅम वितळलेलं लोणी. लोण्याने ग्लेझ तुकडे होऊन उडत नाही. उरलेला गर फ्रीझरमध्ये टिकतो.

हापूसचा घट्ट रस आटवायला लागत नाही. ६० ग्रॅम रस गाळून तसाच घ्या, पण लिंबू दुप्पट करा, आंबा आधीच गोड असतो. डब्यातल्या रसात बहुधा साखर घातलेली असते आणि तो पातळही असतो. तो आटवून आणि लिंबू वाढवून चालतो, ताज्याची सर येत नाही. नागपुरी संत्र्याचा रस आटवला की शिळा, कडवट लागतो. त्याऐवजी दोन संत्र्यांच्या सालीचा वरचा केशरी भाग किसून पिठीसाखरेत चोळा आणि रस कच्चाच घाला. जांभळाचा गर तुरट असला तरी रंगाला तोड नाही. कोकम वापरणार असाल तर अमसुलं कोमट पाण्यात भिजवून पिळून घ्या. आगळ ओतू नका, ते खारवलेलं असतं.

पिठीसाखर मिक्सरवर घरी केली तर १०० ग्रॅमला ३ ग्रॅम कॉर्नफ्लोअर घालून बारीक चाळणीने चाळावी. कणी राहिली की ग्लेझ सुकल्यावर खरखरीत दिसतं. चमच्यातून पडलेली रेघ पाच-सहा सेकंद दिसत राहून मग मिसळली की दाटपणा जमला. ग्लेझ कोमट, ३५ ते ४० अंशांवर, आणि कडंही कोमट असावं. गरम कड्यावरून ग्लेझ ओघळून जातं, गार कड्यावर थापल्यासारखं जाड बसतं. वरची बाजूच बुडवा, हलकासा झटका द्या, जाळीवर ठेवा. १५ ते २० मिनिटांत हाताला न चिकटणारा थर बसतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तो नीट बसत नाही, साखर हवेतलं पाणी ओढते. पंख्याखाली ठेवून लगेच खाणं एवढंच हाती राहतं. एरवीही तीन-चार तासांनंतर कवच मऊ पडतं. फ्रिजमध्ये ठेवलं तर ग्लेझला घाम सुटतो.

बिनअंड्याचं चालेल का, हा प्रश्न येणारच. अंड्याशिवाय वाफ धरून ठेवणारी भिंत तयार होत नाही, आणि जवस किंवा दही घालून ती उभी राहत नाही. अंडं नको असेल तर त्याच नोझलने चुरो करावेत: पाणी, मीठ, थोडं तेल आणि मैद्याची घट्ट उकड, सरळ काड्या, तेल १८५ अंश. आत जाळी नसते, पण वरची सगळी ग्लेझं त्यावर छान बसतात.

पाहुण्यांसाठी आदल्या दिवशी तयारी करायची असेल तर पीठ राखून ठेवू नका. कडी पाडून कागदासकट पूर्ण गोठवा आणि डब्यात भरा, महिनाभर टिकतात. तळण्याआधी २० मिनिटं बाहेर ठेवा. दगडासारखं गोठलेलं कडं तेलात गेलं तर कवच होऊन जातं आणि मधला भाग मागे राहतो. तेल निवल्यावर कापडातून गाळून ठेवा. तळाशी बसलेले पिठाचे कण तसेच राहिले तर पुढच्या वेळी आधी तेच जळतात.